रश्श्याचा कट आणि डिशवॉशरचा फिल्टर

डिशवॉशरला वास यायला लागला की लोक आधी पावडर बदलतात. त्याआधी फिल्टर उघडून बघा. रविवारी तांबड्या-पांढऱ्याची भांडी लागली की कट गरम पाण्यात सुटतो आणि मशीन गार होताना तळाच्या बारीक जाळीवर थिजतो. त्यात खोबऱ्या-तिळाच्या वाटपाचा चोथा अडकला की जाळी बुजते, पंपाला पाणी कमी पडतं, फवारा मंदावतो आणि तेच तेलकट पाणी भांड्यांवर फिरत राहतं. म्हणून भांडी विसळली नाहीत तरी चालेल, पण खरकटं काढा आणि पातेल्यातला कट कागदाने पुसून घ्या. अशी भांडी ६५-७० अंशांच्या प्रोग्रॅमवरच लावा.

फिल्टर आठवड्याला एकदा, आणि मटणाच्या बेतानंतर लगेच. मेन स्विच बंद करा, खालचा रॅक काढा, मधलं नळकांडं डावीकडे फिरवून उचला, खालची सपाट जाळीही काढा. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून दहा मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रशने घासा. तारेची घासणी नको, जाळी फाटते. बसवताना घट्ट अडकेपर्यंत फिरवा. सैल राहिला तर हाडाचा कण थेट ड्रेन पंपात (पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात) जातो.

स्प्रे आर्म, म्हणजे पाणी फवारणारी फिरती दांडी, काढून हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं तर बहुतेक मोहरी असते. नळाखाली धरून उलटं पाणी सोडा, भोकं टूथपिकने मोकळी करा. दाराच्या खालच्या कडेवर फवारा पोचत नाही, तिथला चिकट थर ओल्या फडक्याने पुसा.

बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरट थर येऊ शकतो. व्हिनेगरने पुसून गेला तर तो क्षार. नाही गेला तर काचच झिजली आहे, ती परत येत नाही. क्षारासाठी रिकाम्या मशीनमध्ये तळाला ५०-६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून, डिटर्जंट न घालता गरम प्रोग्रॅम चालवा. व्हिनेगर यासाठी वारंवार नको, रबर खराब होतं. ब्लीच तर अजिबात नको.

मशीनमधला सॉफ्टनर मिठाच्या मदतीने जड पाणी मऊ करतो. पाण्याचा जडपणा तपासणीच्या पट्टीने बघून त्याचं सेटिंग त्याप्रमाणे ठेवा. मीठ डिशवॉशरचंच घ्या. जेवणातल्या बारीक मिठाने सॉफ्टनर तुंबू शकतो. भरताना सांडलेलं मीठ स्टीलला गंज आणतं, त्यामुळे मीठ भरल्या भरल्या एक प्रोग्रॅम लावून टाका.