नेटबॉल? ते ग्रेस मार्कांचं का?

परवा रात्री भाचीचा फोन आला, "आत्या, सर नेटबॉलला नावं घ्यायलेत, देऊ का?" आणि मी काही बोलायच्या आत मागून आमच्या बंधुराजांचा आवाज, "दे की बे, दहावीला ग्रेस मार्क मिळतेत, एवढं काय विचारायलीस."

झालं. त्या एका वाक्यानं माझं जे डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायलेय. चूक त्याची एकट्याची पण नाही म्हणा, मी स्वतः शाळेत नेटबॉल खेळले ते मार्कांसाठीच.

आमची शाळा सोलापूरच्या अशोक चौकाकडची, टीममधल्या सातपैकी पाच पोरी घरी तेलुगू बोलणाऱ्या, त्यामुळं ग्राउंडवर पास मागायचा शब्द म्हणजे "इक्कड! इक्कड!", म्हणजे तेलुगूत "इकडं!". बार्शी-पंढरपूरच्या टीम येड्यासारख्या बघायच्या की ह्या पोरी नक्की काय ओरडायल्यात. तो आमचा एकमेव फायदा. बाकी सगळा आनंदच होता. पोल बाजारात मिळत नव्हता (मिळत असेल, पण शाळेला परवडत नव्हता), म्हणून पीटीच्या सरांनी एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून पाइपला सळईची रिंग जोडून आणली आणि ट्रकच्या टायरमध्ये सिमेंट ओतून त्यात उभी केली. वर्षभर आम्ही त्यावर गोल मारले, आमची शूटर तर डोळे झाकून मारायची. मग जिल्हास्तराला गेलो आणि पहिल्या मॅचला तिचा एक बॉल आत जाईना. नंतर कळालं, आमची रिंगच मोठी होती. चांगली दोन बोटं मोठी. पहिल्या राउंडला बाहेर, पार्क चौकात येऊन भेळ खाल्ली, विषय संपला. सर्टिफिकेट मात्र सगळ्यांनी जपून ठेवलं.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बास्केटबॉलची बहीण समजा, पण हिच्या रिंगमागं बोर्ड नसतो, त्यामुळं आपटून बॉल आत घालायची सोय नाही, सरळ वरून टाकायचा. रिंग 10 फुटांवर. बॉल हातात आला की पळायचं नाही, टप्पे मारत न्यायचा नाही, 3 सेकंदांत दुसरीला द्यायचा. अडवणारीनं पण 3 फूट लांब राहायचं. आणि प्रत्येकीच्या छातीवर जागेची अक्षरं, त्या जागेनं ठरवून दिलेला भाग सोडून गेलात की शिट्टी. गोल फक्त दोघींनीच मारायचा, गोल शूटर आणि गोल अटॅक. मी डब्ल्यूडी, म्हणजे विंग डिफेन्स. मला नियमानं गोल मारताच येत नाही, रिंगभोवतीच्या अर्धगोलात पाय ठेवता येत नाही. घरी आजी विचारायची "किती गोल मारलीस गं?" आणि मला दरवेळी हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

हा पळू न देणारा नियम कुठून आला ते वाचलं तेव्हा मजा वाटली. 1890 च्या दशकात अमेरिकेतला बास्केटबॉल इंग्लंडमधल्या मुलींच्या व्यायाम कॉलेजात पोचला, तिथं लांब घागऱ्यासारखे स्कर्ट घालून पळणार कशा, मग खेळच बदलला. पुढं इंग्रज मास्तरणी जिथं जिथं गेल्या तिथं हा खेळ गेला, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, आफ्रिका. म्हणून आज पण नकाशा बघितला तर जवळपास जुनं इंग्रजी राज्यच दिसतं. ऑलिम्पिक समितीनं 1995 ला मान्यता दिली पण ऑलिम्पिकमध्ये अजून नाही, बहुतेक त्याच कारणानं. आणि सगळ्या देशांचे नियम एक करून आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली ती 1960 ला कोलंबोत, आपल्या शेजारी! लंडनला नाही.

श्रीलंकेचं निघालंच तर तर्जिनी शिवलिंगम सांगायलाच पाहिजे. जाफन्याकडची तमिळ पोरगी, उंची 2.08 मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दारातून वाकून जाणार. 2019 च्या लिव्हरपूलच्या वर्ल्ड कपमध्ये श्रीलंका पार खालच्या नंबरात राहिली, पण अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल हिचे. तिला बॉल द्यायची पद्धत बघा एकदा, उंच हवेत सोडायचा, ती हात वर करून नुसती काढून घेते, खालच्या बाया उड्या मारून थकतात.

खरं तर हा खेळ वाढतोय तो मला इथं दिसतो. पहिला वर्ल्ड कप 1963 ला, तेव्हापासून ऑस्ट्रेलिया 12 वेळा जिंकलीय, न्यूझीलंड 5 वेळा (त्यातला 1979 चा तर तीन देशांत वाटून). बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी वर्षानुवर्षं रीत. पण 2018 ला ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये मलावीनं न्यूझीलंडला 57-53 हरवलं. मलावी! आणि त्याच स्पर्धेच्या फायनलला इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात 52-51. तो शेवट मी यूट्यूबवर किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. स्कोअर बरोबरीत, वेळ संपत आलेली, हेलन हाउस्बीला पेनल्टी मिळते, म्हणजे जिनं फाउल केलाय ती बाजूला गप उभी राहणार आणि हिनं मोकळा गोल मारायचा. मोकळा म्हणायला मोकळा हो, सगळं स्टेडियम अंगावर असताना. टाकला, आत. 2023 चा वर्ल्ड कप केप टाउनला, आफ्रिकेत पहिल्यांदाच, तिथं इंग्लंड फायनलला गेली (ऑस्ट्रेलियानं 61-45 नी धुतलं ते सोडा) आणि जमैकानं ब्रॉन्झ नेलं, न्यूझीलंड चौथी.

मलावी, जमैका, युगांडा ह्यांना हे जमतंय कारण ह्या खेळाला लागतं तरी काय? दोन पोल, एक बॉल, सपाट जागा. लाकडी कोर्ट नको, काचेचा बोर्ड नको. टायरमध्ये सिमेंट ओतून आमचं पण चाललंच होतं की.

आपलं काय, तर 2010 ला दिल्लीत कॉमनवेल्थ झालं तेव्हा यजमान म्हणून भारताची टीम खेळली, प्राची तेहलान कॅप्टन. फायनलला न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला दोनदा जादा वेळ देऊन 66-64 हरवलं, आपल्याच देशात, आणि मला पत्ता नाही. तेव्हा पेपर उघडला की नुसता कॉमनवेल्थचा घोटाळा, नेटबॉल कोण छापणार. 2024 ला तर एशियन चॅम्पियनशिप बंगळुरूला होती, सिंगापूर जिंकली. सोलापूरवरून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते बंगळुरूला, झोपलं की पोचलं, तरी गेले नाही. ऑफिसात सुट्टी कशाची मागू, "नेटबॉल बघायला"?

अजून एक. 2026 च्या ग्लासगो कॉमनवेल्थमध्ये खर्च कमी करायला फक्त 10 खेळ ठेवलेत. कुस्ती गेली, हॉकी गेली, बॅडमिंटन गेलं, आपली पदकं आणणारं बरंच गेलं. नेटबॉल राहिला. हे बंधुराजांना सांगितलं तर म्हणतोय, "मग नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात पण चालतंय का बघ की." ह्याला काय बोलणार! आणि खोटं कशाला बोलू, चालत असेल तर मला पण आवडेलच. पण पोरीनं आधी खेळावं तरी.

तर भाचीनं नाव दिलंय, जागा अजून ठरली नाही. तिला सेंटर पाहिजे, सगळीकडं पळायला मिळतं म्हणून. मी म्हणलं डब्ल्यूडी पण वाईट नाही, तर तोंड वाकडं केलं.

शाळेत पोल नाहीच, हे आलंच. म्हणून काल अक्कलकोट रोडला एका वेल्डरकडं जाऊन आले, कागदावर लिहून दिलं, रिंग आतून 380 मिलिमीटर, म्हणजे 15 इंच. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "ताई, 17 करतो की, लेकरांना सोपं जातंय."

मी तिथंच स्टूल ओढून बसले.