बदामाचा भाव

आमच्या घरात डायरी म्हणजे दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख. मनातलं त्यात कुणी लिहीत नाही. म्हणूनच की काय, दुसऱ्यांच्या डायऱ्या वाचायची मला भारी हौस. सध्या उशाशी सॅम्युअल स्यूअल आहेत. अमेरिकेतल्या बॉस्टनचे व्यापारी, न्यायाधीश आणि पक्के प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती. मधली काही वर्षं सोडली तर १६७४ ते १७२९ हा गृहस्थ लिहीतच होता.

या मंडळींच्या डायरीमागे मोठी धास्ती असायची. कुणाचा उद्धार होणार आणि कोण नरकात जाणार, हे देवानं आधीच ठरवलंय अशी त्यांची श्रद्धा. निकाल लागलेला, पण गुणपत्रिका कुणाच्याच हाती नाही! मग रोज रात्री स्वतःलाच चाचपायचं. आज मन कशात गुंतलं, मूल आजारी पडलं ते कुठल्या पापामुळे, प्रार्थनेत डोळा का लागला. नाताळही त्यांना मान्य नव्हता, कारण बायबलमध्ये त्याला आधार नाही. बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कायदा गेल्यावरही स्यूअल पंचवीस डिसेंबरला गावावर नजर ठेवून. दुकानं उघडी आहेत, गाड्या माल घेऊन आल्यात, असं समाधानानं टिपून ठेवायचे.

पण लिहिता लिहिता आत्मा बाजूला राहतो आणि भलतंच काहीतरी कागदावर उतरतं. माझा जीव रमतो तो तिथे. जानेवारी १६८६ मधली नोंद बघा. प्रार्थनागृहात शेकोटी नसायची. त्या रविवारी थंडी अशी, की प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ वाटायची भाकर गोठून टणक झालेली. मोडून ताटात टाकली की खडखड वाजायची, आणि तो आवाज स्यूअलना फार केविलवाणा वाटला. प्रवचन कशावर होतं ते मी वाचून विसरलो. खडखड विसरलो नाही.

याच माणसानं १६९२ मध्ये सेलम गावी चेटूक केल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांत न्यायाधीश म्हणून काम केलं. एकोणीस जण फासावर गेले. १६९७ मध्ये भर प्रार्थनासभेत ते उभे राहिले आणि पाद्रीबुवांनी त्यांचा कबुलीजबाब वाचून दाखवला. उशिरा का होईना, सर्वांसमोर दोष पत्करणारा न्यायाधीश विरळाच. पण त्यानं फासावर गेलेले परत येत नाहीत, आणि डायरी कितीही गोड लागली तरी हे डोक्यातून जात नाही.

आता बदाम. १७२० मध्ये, वय अडुसष्ट, दुसरी बायको नुकतीच वारलेली, आणि स्यूअल विधवा कॅथरीन विन्थ्रॉप यांच्या घरी खेटे घालू लागले. नेताना कधी छापील प्रवचनं, कधी साखरेत घोळवलेले बदाम. बदाम अर्धा पौंड, भाव पौंडाला तीन शिलिंग. देवाला हा भाव कशाला हवा होता? एका संध्याकाळी त्यांनी बाईंना हातमोजा काढू देण्याची विनंती केली. का, म्हणून बाईंनी विचारलं. मेलेल्या बोकडाला हात लावणं आणि जिवंत स्त्रीचा हात धरणं यात फार फरक आहे, असं उत्तर. मोजा बोकडाच्या कातड्याचा असणार. आणि पुढे विजयी नोंद: मोजा निघाला.

लग्न मात्र जुळलं नाही. बाईंना दारात घोडागाडी हवी होती, आणि यांनी विग घालावा अशी इच्छा. विगचा यांना मनस्वी तिटकारा. देवानं दिलेले केस असताना दुसऱ्याचे कशाला? हळूहळू बाईंच्या शेकोटीत लाकडं कमी पडू लागली, तेही डायरीत आलं. नोव्हेंबरातल्या एका भेटीत त्यांनी लिहिलं, की आज मोजा काढायला सांगितलं नाही. बाईंचे कपडेही पूर्वीइतके स्वच्छ नव्हते. लगेच पुढे देवाचं नाव, देव पुरवील अशा अर्थानं.

पुरवलंच म्हणायचं. १७२२ मध्ये मेरी गिब्ज नावाच्या विधवेशी त्यांचं लग्न झालं, विग न घालता.