डंडीचा भोंगा, सेंट अँड्र्यूजचा सुरुंग

स्कॉटलंडला जाणारे आपले लोक सेंट अँड्र्यूजला हमखास जातात. डंडीला सहसा कुणी थांबत नाही. माझी भाची सेंट अँड्र्यूजला शिकते, म्हणून मीही निघाले होते तिच्याकडेच, पण खोली घेतली डंडीत. स्वस्त मिळाली हे एक कारण. दुसरं असं की माझे बाबा परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, आणि तागाच्या गिरण्यांवर उभं राहिलेलं हे बंदर मला केव्हाचं बघायचं होतं.

व्हर्डंट वर्क्स ही 1833 सालची गिरणी आता संग्रहालय झाली आहे. तिथे यंत्रं नुसती मांडून ठेवलेली नाहीत, चालवून दाखवतात. एक साचा सुरू झाला आणि शेजारी उभी असलेली बाई काय म्हणतेय ते मला ऐकू येईना. अशा शेकडो साच्यांमध्ये इथल्या बायका दिवसभर उभ्या असायच्या. त्या ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायच्या, आणि उतारवयात कितीतरी जणींना कमी ऐकू यायचं. बाबा घरीही ओरडूनच बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, ते सतत माझ्यावर चिडलेले असतात.

ताग बंगालचा, मग गिरण्या इथे कशा? गावात तागाचं कापड विणायच्या आधीपासून लिननचं विणकाम होतं, बंदर होतं, आणि उत्तरेच्या बर्फात देवमाशांची शिकार करणारी जहाजं होती. कोरडा ताग यंत्रावर तुटतो. त्याला देवमाशाचं तेल आणि पाणी पाजलं की तो मऊ पडतो आणि त्याचं सूत निघतं. बंगालचा शेतकरी आणि ध्रुवाकडचा देवमासा असे या गावात एकत्र आले, आणि जगभराची पोती इथे विणली जाऊ लागली.

कामगारांत बायकाच जास्त, कारण त्यांना मजुरी कमी. पोरग्यांना लहानपणी कामावर घ्यायचे आणि अठरा वर्षांचे झाले, मोठ्या माणसाची मजुरी द्यायची वेळ आली, की घरी बसवायचे. बायको गिरणीत आणि नवरा घरी, अशा नवऱ्यांना गावात ‘केटल बॉयलर’ म्हणत. चहाचं आधण ठेवणारे! विणकाम करणाऱ्या बायका टोपी आणि हातमोजे घालून कामाला जात आणि सूतखात्यातल्या शालवाल्यांकडे वरून बघत. मला हसू आलं, पण फार नाही. आपल्या गिरण्यांत तर दलित कामगारांना कित्येक वर्षं साचेखात्यात घेतच नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे.

पुढे 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्राला तागाची गिरणी निघाली. यंत्रं डंडीची. नंतर मॅनेजर आणि फोरमनही डंडीहून जात राहिले. जिथे ताग पिकतो तिथेच तो विणला जायला लागल्यावर डंडीची सद्दी किती टिकणार? आपली विद्या आपणच बोटीत बसवून पाठवायची आणि मग तिच्याशी स्पर्धा करायची. डंडीच्याच लॉकी भागातल्या कँपरडाऊन वर्क्स या गिरणीत एके काळी सुमारे पाच हजार माणसं होती. ती 1981 मध्ये बंद पडली. तिची 282 फूट उंच, रंगीत विटांची चिमणी मात्र त्यांनी ठेवली आहे. आता खाली लोक राहतात. परळला गिरणीच्या जागी टॉवर आला तेव्हा चिमणी ठेवायचं कुणाला सुचलं होतं का, हे मी विचारणार नाही. विचारलंच म्हणा.

आणखी एक धागा. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला पॅट्रिक गेडिस हे नाव माहीत असतं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग यांनी सुरू केला, समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचेच विद्यार्थी. 1919 मध्ये मुंबईला येण्यापूर्वी हे गृहस्थ डंडीच्या कॉलेजात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होते!

नदीकाठी ‘डिस्कव्हरी’ हे जहाज उभं आहे, कॅप्टन स्कॉटला 1901 मध्ये अंटार्क्टिकाला घेऊन गेलेलं. बर्फात टिकणारं लाकडी जहाज बांधायचं तर देवमाशांच्या शिकारीची जहाजं बांधणाऱ्यांकडेच जायला हवं, म्हणून ते इथे बांधलं. शेजारचं व्ही अँड ए हे डिझाइनचं संग्रहालय बाहेरून कड्यासारखं भव्य. आत मी अर्ध्या तासात कंटाळले.

सेंट अँड्र्यूजला 99 नंबरच्या बसने गेले. गाव देखणं आहे, यात वाद नाही. विद्यापीठ 1413 चं. सेंट साल्व्हेटर चॅपलसमोर फरसबंदीत ‘पी एच’ अशी अक्षरं आहेत. 1528 मध्ये पॅट्रिक हॅमिल्टन नावाच्या तरुणाला धर्मद्रोही ठरवून तिथे जिवंत जाळलं. भाचीने माझा दंडच धरला. “मावशी, बाजूने चल! यावर पाय पडला तर डिग्री मिळत नाही.” म्हटलं, “अगं, माझी मिळून तीस वर्षं झाली.” तरी बाजूनेच नेलं. चुकून पाय पडलाच, तर एक मेच्या पहाटे समुद्रात डुबकी हा उतारा.

कॅथेड्रल बांधायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. 1318 मध्ये राजा रॉबर्ट द ब्रूसच्या समोर त्याचं अर्पण झालं. धर्मसुधारणेत त्याची दैना झाली आणि दगड गावाने घरांना नेले. फोटो छान येतात. मला जास्त भावला तो किल्ल्यातला सुरुंग. 1546 मध्ये प्रोटेस्टंटांनी कार्डिनल बीटनला मारून किल्ला बळकावला. बाहेरच्या सैन्याने खडकातून सुरुंग खणायला घेतला, तर आतल्यांनी आवाजाचा माग काढत, दोनतीन ठिकाणी चुकत, उलट्या बाजूने खणून त्यांना गाठलं. दोन्ही भुयारं शाबूत आहेत. आतल्यांचं अरुंद आणि वाकडंतिकडं, घाईत खणलेलं. गुडघ्यांची तक्रार न ऐकता मी वाकून त्यातून गेले. पुढे हल्लेखोरांचं भुयार लागतं, ते ऐसपैस. चाकणच्या वेढ्यात आतल्यांनी असं काही केलं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

डंडीहून परतीची रेल्वेगाडी टे नदीच्या पुलावरून जाते. पाण्यात जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे अजून दिसतात. 28 डिसेंबर 1879 च्या वादळात तो पूल गाडीसकट कोसळला आणि गाडीतलं कुणीही वाचलं नाही. चौकशीत दोष निघाला आराखड्यात, ओतकामात आणि देखभालीत. शाबूत राहिलेल्या तुळया नव्या पुलात वापरल्या. इंजिनही नदीतून काढून, दुरुस्त करून पुन्हा कामाला जुंपलं, आणि त्याला ‘डायव्हर’ असं नाव पडलं. एडिनबरोहून येत असाल तर उजवीकडची खिडकी धरा. जाताना डावीकडची.