बाबांच्या खिळ्यांचं कोणी भाडं मागितलं नव्हतं

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत, अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या छपाईच्या दुकानात एक काका मुलीची पत्रिका न्यायला आले होते. मजकूर तयार, प्रूफ पाहून झालेलं, फक्त निमंत्रकांमध्ये एक नाव वाढवायचं आणि प्रिंट काढायची, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात अवकाळी वादळ सुटलं, लाईट गेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू पण नेट बंद, आणि ज्या सॉफ्टवेअरचे आम्ही दर महिन्याला पैसे भरतो त्यानं उघडल्या उघडल्या साईन इन मागितलं. नेटच नाही तर साईन इन कुठून होणार? मोबाईलचं हॉटस्पॉट लावून पाहिलं, टॉवरही गेलेला. काका तासभर बसले, दोनदा चहा झाला, मग "राहू दे बेटा, पोरगा सकाळी पत्रिका घेऊन गावाला निघून राहिला" म्हणून दुसऱ्या दुकानात गेले. फाईल आमची, कॉम्प्युटर आमचा, महिन्याचे पैसे भरलेले, आणि एक नाव वाढवता आलं नाही.

बाबा तेव्हा काही बोलले नाही. रात्री शटर ओढताना म्हणाले, "आपलंच काम आपल्याच मशीनवर उघडून नाही राहिलं, हे कसं रे?"

बाबा मूळचे जुळारी. ट्रेडल या जुन्या छपाई मशीनवर हँडबिलं, पत्रिका, पावतीबुकं छापायचे, एकेक खिळा, म्हणजे धातूचं उलटं अक्षर, उचलून ओळ लावायचे, आणि आजही उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचतात. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावणं, आलं तेव्हा ट्रेडल भंगारात गेलं पण खिळ्यांच्या दोन केस (खणांच्या पेट्या) त्यांनी माळ्यावर ठेवल्या, आजही आहेत. ते खिळे एकदा पैसे देऊन घेतले आणि आपले झाले, झिजले तर वितळवायचे, पण रोज सकाळी कोणाला विचारून केस उघडावी लागत नव्हती. त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

म्हणून मी घरातला जुना लॅपटॉप काढला, २०१३ चा, ४ जीबी रॅमचा. त्याच्यातल्या सिस्टिमचे अपडेट थांबलेले, नवीन सिस्टिम चढत नाही, दुरुस्तीवाला म्हणे फेकून द्या. फेकायला त्याला झालं काय होतं, कीबोर्ड ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत. त्याच्यावर डेबियन नावाची खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, वर एक्सएफसीईचा साधा डेस्कटॉप. डेबियन १९९३ पासून जगभरातले स्वयंसेवक मिळून चालवतात, त्याचा कोणी मालक नाही, त्यामुळे चालू करताना खातं काढा म्हणत नाही, जाहिरात दाखवत नाही, काम चालू असताना मधेच अपडेट लादून मशीन बंदही करत नाही. बाबांची बोटं टाईपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली, ती मांडणीही आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये मिळाली.

पान लावायला स्क्रायबस हे खुलं सॉफ्टवेअर घेतलं. आधी त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळायची नाहीत, मी एकदा पाहून सोडून दिलं होतं, पण १.५ च्या मालिकेत लोकांनी ते काम केलं आणि २०२४ च्या १.६ मध्ये पत्रिका व्यवस्थित लागते. बॉर्डर आणि गणपती इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉन्ट मुंबईच्या एक टाईपनं केलेले मुक्ता आणि बलू, दोन्ही खुल्या परवान्याचे. ऑफसेटवाल्याला पीडीएफच पाहिजे असते, ती तो घेतो.

खरं काम मात्र जुन्या फायलींचं निघालं. सुरुवातीपासूनच्या पत्रिका सगळ्या पेजमेकर या पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या, आणि पेजमेकर तर ७ नंबरच्या आवृत्तीवर कधीचंच थांबलं. मला वाटलं गेल्या फायली. मग कळलं की लिब्रे ऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडायची सोय आहे, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचे फाईल प्रकार उलगडून वाचणारी काही माणसं आहेत आणि ते काम ती सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. ज्यांना आपण कधी भेटणार नाही त्यांनी महालातल्या एका दुकानाची वीस वर्षं वाचवली असं मी मानतो.

फाईल उघडली तरी मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. म्हणजे आतमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांवर मराठीचं चित्र चढवलेलं. "मराठी" हा शब्द फाईलमध्ये ई, जे, के, बी, एच असा पडलेला असतो, फॉन्ट काढला की नुसता इंग्रजीचा गोळा. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, आणायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, आधी वाटलं या अक्षराच्या जागी ते अक्षर टाकलं की झालं. पण "शुभविवाह" मधली पहिली वेलांटी टाईपरायटरसारखी व च्या आधी टाईप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व च्या नंतर लागते, आणि "आशीर्वाद" मधला रफार तिथे वा संपल्यावर येतो तो उचलून व च्या आधी न्यावा लागतो. बाबा बाजूला बसून सांगत होते, "र्थ्य बघ, सामर्थ्य, तिथं तो दोन अक्षरं मागं गेला पाहिजे." खिळे जुळवणाऱ्या माणसाला हे तोंडपाठ असते, मला आठ दिवस लागले.

आता प्रत्येक पत्रिकेचा मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतो. युनिकोडमध्ये आपल्या एका अक्षराला साधारण ३ बाईट लागतात, पूर्ण पत्रिका दोन-तीन केबीत बसते, पेनड्राईव्हवर सगळं दुकान मावते. आणि ती फाईल कोणत्याही कॉम्प्युटरवर, कोणत्याही एडिटरमध्ये उघडते, वादळात पण.

सगळं सुटलं असं नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरच मजकूर पाठवते, तर दुकानाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आहे आणि राहणार. रंग जुळवायला स्क्रायबसमध्ये पहिले दोन महिने त्रास झाला. फुकट मिळते म्हणून हे घ्या असंही मी कोणाला म्हणत नाही, वर्षाला थोडे पैसे मी त्या प्रकल्पांना पाठवतो, कोणी बळजबरी केली नाही तरी. मला पाहिजे ते एवढंच की उद्या कोणी मालक बदलला, भाव बदलला, मन बदललं तरी माझं काम माझ्याजवळ उघडलं पाहिजे. २०१० मध्ये ओरॅकलनं ओपन ऑफिसवाली सन कंपनी विकत घेतली तेव्हा ओपन ऑफिसवर काम करणारे बरेच लोक त्याच वर्षी वेगळे झाले आणि लिब्रे ऑफिस सुरू केलं. कोड उघडा होता म्हणून सोबत नेता आला. भाड्याच्या सॉफ्टवेअरमधून निघायचं म्हटलं तर आपल्याच फायली मागे राहतात.

परवा दुपारी कूलरसमोर बसून बाबांनी ताईच्या लग्नाची पत्रिका उघडायला लावली, २००४ ची. प्रोग्राम चालवला, मजकूर आला, निमंत्रकांमध्ये आजोबांचं नाव पहिलं. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजोबांच्या नावात ऱ्हस्व पडलं होतं तेव्हा, मला छापल्यावर दिसलं. आता दीर्घ कर." केलं, सेव्ह केलं.

अजून तीनशेच्या वर फायली बाकी आहेत. महाल, इतवारी, गांधीबाग इकडे कोणाकडे अशा जुन्या फायली पडल्या असतील तर पेनड्राईव्ह घेऊन दुकानात या, प्रोग्राम असाच देऊन टाकीन. दुपारी दोन ते चार बाबा झोपतात, तेवढं सोडून.