आकडा बरोबर होता

सबमिशनच्या आठवड्यात ग्रंथालयात दोन प्रकारची मुलं येतात. काहींना कुठलंही पुस्तक चालतं, संदर्भसूची लांबलचक दिसली की झालं. बाकीच्यांचं वाक्य आधीच लिहून तयार असतं, त्याखाली टाकायला एक भारदस्त नाव तेवढं हवं असतं. एम.ए. इतिहासाची ती मुलगी या दुसऱ्या गटातली.

"मॅडम, सर म्हणाले ही वेबसाइट चालणार नाही. हेच पुस्तकात कुठे मिळेल?"

मोबाइलवरच्या त्या पानाला लेखक नव्हता, तारीख नव्हती, मधेमधे केस गळतीच्या तेलाच्या जाहिराती होत्या. मजकूर असा: १८९१ साली मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४, १९०१ साली ७,७६,००६, म्हणजे प्लेगने ४५,७५८ माणसं मारली.

स्रोत कसा तपासायचा याची यादी आम्ही दर जुलैत नव्या मुलांना देतो: लेखक कोण, प्रकाशक कोण, कधीचं, आधार काय. त्या यादीनुसार हे पान सरळ नापास. तरी संदर्भ विभागातून एडवर्ड्सने संपादित केलेलं मुंबई शहराचं गॅझेटिअर काढलं. १९०९चं, हात लावला की कडा झडतात. दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले.

"मग झालं ना!" ती पृष्ठक्रमांक उतरवून घ्यायला लागली. खरं तर तिने मागितलेलं काम तिथे संपलं होतं, आणि काउंटरवर रांगही होती. पण मला ती वजाबाकी खटकत होती.

"ही मोजणी कुठल्या महिन्यात झाली गं?"

ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर १ मार्च १९०१.

"आणि प्लेग जोरात कधी असायचा?"

हे तिला पाठ होतं, तिच्याच दुसऱ्या प्रकरणात होतं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी साथ ओळखली, थंडीत ती भडकली आणि १८९७च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मं शहर गावी पळालं. पुढेही दरवर्षी हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हाच तिचा हंगाम. बोलता बोलता ती थांबली.

"म्हणजे मॅडम, शिमग्याला आमची लालबागची चाळ मोजली, तर निम्मी चाळ मेली असंच निघेल."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. त्यात दहा वर्षांतले जन्म आणि गिरण्यांसाठी येत राहिलेली माणसं धरली, तर त्या वजाबाकीतून मृत्यू मोजताच येत नाहीत. मरणारे त्याहून कितीतरी जास्त असू शकतात.

मृत्यूंसाठी पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल बघावे लागतात. तेही डोळे मिटून नाही. घरात प्लेग निघाला की रुग्ण इस्पितळात, बाकीचे छावणीत आणि घरात जंतुनाशकाचा मारा. त्या धास्तीने लोक आजारी माणसं लपवत, मेलेल्याचं कारण वेगळंच सांगत. 'मृत्यूचं कारण' या रकान्यात काय लिहिलंय हे वाचताना, ते कुणी आणि कशाच्या भीतीने सांगितलं असेल, हेही धरावं लागतं.

मग मी तिला १९०६ची मोजणी दाखवली: ९,७७,८२२. प्लेग थांबलेला नव्हता, तरी पाच वर्षांत दोन लाखांनी वाढ.

तिचा चेहरा पडला. "माझा मुद्दाच गेला. शुक्रवारी सबमिशन आहे."

तिचा राग मला समजतो. सरांनी वेबसाइट बदलायला सांगितली होती, वाक्य बदलायला नाही. आमच्या त्या यादीचीही हीच अडचण आहे. ती पानाची अब्रू तपासायला शिकवते. त्या आकड्यावरून नेमकं काय म्हणता येतं, हे तिच्यात कुठेच नाही. इथे स्रोत फालतू, आकडा चोख आणि निष्कर्ष चूक. गॅझेटिअरची तळटीप लागली असती, तर तीच चूक सरांच्या नजरेतूनही कदाचित सुटली असती.

चहा पिऊन ती परत आली. वजाबाकी खोडली होती आणि समासात लिहिलं होतं: 'मोजणीच्या रात्री शहरात कोण नव्हतं?' काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात प्लेगचे कागद बघता यावेत म्हणून मी तिच्यासाठी पत्र टाइप करायला घेतलं. तोवर ती गॅझेटिअरवर वाकून काहीतरी शोधत होती.

"मॅडम, तुम्ही दाखवलेली ही १९०६ची मोजणी, ती तरी कुठल्या महिन्यातली?"