सडबरी: काळ्या खडकांच्या गावात दोन दिवस

कॅनडातल्या टोरांटोहून उत्तरेला गाडीने साधारण चारशे किलोमीटर. सडबरी जवळ आलं तसे रस्त्याकडेला काळे खडक दिसू लागले. दगडच काळा असेल, असं वाटलं. पण एकाची ताजी फुटलेली कड पाहिली, तर आत फिकट राखाडी. काळेपणा फक्त वरच्या पापुद्र्याचा.

हा पापुद्रा म्हणजेच इथला इतिहास. 1883 मध्ये रेल्वेमार्ग खोदताना एका लोहाराला गंजलेल्या रंगाचा खडक दिसला. लोक धावले ते तांब्यासाठी. निकेल तेव्हा नकोशी भेसळ होती. पोलादात ते मिसळलं की चिलखती पत्रा अधिक चिवट होतो हे कळल्यावर मात्र निकेलचाच भाव वाढला. गंधक घालवायला खनिज लाकडांच्या ढिगांवर उघड्यावर महिनोन्‌महिने भाजत. त्यासाठी जंगल तुटलं, धुराने उरलेलं मेलं, पावसाने माती वाहून गेली आणि उघडे पडलेले खडक त्या धुराने काळे झाले. उघड्यावरची ही भाजणी 1929 पर्यंत चालली. पुढे 1972 मध्ये कारखान्याची 381 मीटर उंच चिमणी सुरू झाली आणि गावातला धूर दूरवर जाऊ लागला.

‘डायनॅमिक अर्थ’ या खाणकाम आणि भूगर्भाची माहिती देणाऱ्या विज्ञान केंद्राला अर्धा दिवस ठेवाच. जमिनीखालच्या फेरीसाठी उन्हाळ्यातही स्वेटर आणि बंद बूट हवेत. हिवाळ्यात जायचं तर चालू आहे का, आधी विचारा. बाहेर नऊ मीटर उंचीचं पाच सेंटचं नाणं उभं आहे. सगळे समोर फोटो काढून निघतात. तुम्ही नाण्यावरचं चित्र नीट बघा. त्यात निकेलचा कारखाना आहे, चिमणीसकट. मूळ नाणं 1951 चं. निकेल वेगळं ओळखलं गेल्याला दोनशे वर्षं झाली म्हणून काढलेलं.

दुसरा दिवस ओनापिंग धबधब्याला द्या. महामार्ग 144 ने गेलं की अंदाजे पाऊण तास. सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वी इथे अवकाशातून प्रचंड गोळा आदळला, त्यातूनच हा खनिजसाठा घडला. त्या आघाताने फुटलेले खडक अभ्यासायला अपोलो 16 आणि 17 या चंद्रमोहिमांचे अंतराळवीर सडबरीला आले होते. पायवाट खडकाळ आहे, ओली असताना घसरते.

परतताना एका टेकडीवर भूर्जाच्या रोपट्यांत थांबलो. 1978 पासून लोकांनी पोत्यांतून चुनखडीचा भुगा हाताने पसरत या टेकड्या हिरव्या केल्या. एक कोटीहून जास्त झाडं लावली. तिथे जाल तेव्हा आखलेल्या वाटेवरूनच चाला. माती अजून जेमतेम बोटभर आहे.