परतीची गाडी आधी बघा: एरलांगनहून शनिवार-रविवारच्या सहली

जर्मनीत, बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या एरलांगनला नवीन आलेली मंडळी पहिल्याच महिन्यात नॉयश्वानस्टाइनचा बेत आखतात. कॅलेंडरवरचा तो पांढरा किल्ला. इथून किल्ल्याजवळच्या फ्युसेन गावापर्यंत साध्या रिजनल गाड्यांनी एका बाजूला चार तासांच्या वर जातात, पुढे बस, मग अर्धा-पाऊण तासाचा चढ. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. ती चुकली की तिकीट गेलं. आतला फेरफटका जेमतेम अर्ध्या तासाचा. म्हणजे दिवसभर डब्यात बसायचं आणि राजवाडा बघायचा अर्धा तास! तो मुक्कामी जाऊन बघायचा प्रकार आहे. रविवारी जाऊन रविवारी परत यायचं असेल तर दोन तासांच्या आतली गावं धरावीत, आणि तशी गावं फ्रांकोनियात, म्हणजे बायर्नच्या आपल्या या उत्तर भागात, भरपूर आहेत.

आधी तिकीट. ज्याच्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, आहे (जानेवारी २०२६पासून महिन्याला ६३ युरो) त्याला प्रश्नच नाही. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून रिजनल गाड्या, एस-बान (शहराभोवतीची लोकल), बस सगळं त्यात आलं. पण ते एकाच माणसाच्या नावावर असतं, बायको-मुलांना त्यावर नेता येत नाही. हे तिकीट बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा बहुतेक जण डोळे झाकून बायर्न-तिकीट, म्हणजे राज्यभर चालणारं एका दिवसाचं तिकीट, काढतात. पाच जणांपर्यंत चालतं, पहिल्या माणसाला मोठा आकडा आणि पुढच्या प्रत्येकाला थोडी भर. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून लागू होतं, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीनपर्यंत चालतं. छापील तिकिटावर प्रत्येकाचं नाव पेनाने लिहायचं, तपासनीस दारात दिसल्यावर नव्हे, गाडीत चढायच्या आधी. विनातिकीट सापडलं तर ६० युरो दंड आहे आणि ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर इथे कुणी ऐकून घेत नाही.

पण बाम्बर्ग, रोथेनबुर्ग, फोरखाइम, पोटेनश्टाइन ही सगळी गावं न्यूरेंबर्गच्या फाउगेएन या वाहतूक संघाच्या हद्दीतच येतात. त्यांचं ‘टागेस-तिकीट प्लुस’ हे दिवसाचं तिकीट सहा जणांना चालतं, त्यातले मोठे मात्र दोनच, बाकीचे १८ वर्षांच्या आतले. माणसाऐवजी सायकलही नेता येते. आणि खरी मेख पुढे आहे: शनिवारी काढलेलं हे तिकीट रविवारीही चालतं. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर एका तिकिटात दोन सहली होतात. वुर्झबुर्ग किंवा रेगेन्सबुर्गला जायचं असेल, किंवा चार मोठी माणसं असतील, तरच बायर्न-तिकिटाचा हिशेब करावा.

डीबीच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, अ‍ॅपमध्ये गाडी शोधताना ‘फक्त रिजनल गाड्या’ हा पर्याय चालू करा, नाहीतर ते आयसीईच पुढे करतं. शुक्रवारी रात्री एकदा पुन्हा बघा. रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात, आणि मग वेळापत्रकात ‘एसईव्ही’ अशी अक्षरं दिसतात. म्हणजे गाडीऐवजी बस. ती बस स्टेशनाच्या दारात उभी असेलच असं नाही, सायकल सहसा घेत नाही, आणि पुढची जोडगाडी हमखास चुकते. दुसरी फसगत म्हणजे वाटेत दोन होणाऱ्या गाड्या. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. फलाटावरची पाटी दोन्ही गावं दाखवते. डब्याच्या बाजूवरची पाटी वाचूनच चढावं.

पहिली सहल बाम्बर्गची करावी. एकच गाडी, मध्ये बदल नाही, रिजनल एक्सप्रेसने साधारण अर्धा तास. एस-बान प्रत्येक खेड्यात थांबते, तिला जास्त वेळ लागतो. स्टेशनापासून नदीतल्या जुन्या नगरभवनापर्यंत वीस मिनिटं चालणं आहे, पुढे डोमचा, म्हणजे मोठ्या चर्चचा, चढ. सगळी वाट दगडी फरसबंदीची. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना वर बसने पाठवा आणि उतरताना चालवा. पातळ तळव्याची चप्पल इथे दोन तासांत रडवते. १९९३पासून जुनं गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे दुपारी पुलावर गर्दी असते. दहाच्या आत पोचलात तर फोटोत नगरभवन दिसतं, नंतर फक्त टोप्या दिसतात.

डोममध्ये सम्राट हाइन्रिख दुसरा आणि राणी कुनिगुंडे यांची समाधी आहे. ती घडवली टिलमान रिमेनश्नायडर या शिल्पकाराने. हे नाव लक्षात ठेवलं तर तीन सहली एका धाग्यात बांधता येतात. त्याचं दुसरं मोठं काम रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये आहे, लाकडात कोरलेली वेदी. दाराशी लहानसं तिकीट आहे, म्हणून बरेच जण बाहेरूनच फिरतात. आत गेलेलेही समोरची मुख्य वेदी बघून परततात. रिमेनश्नायडरची वेदी मागच्या बाजूला, जिना चढून वर आहे. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचं दृश्य, आणि पंगतीच्या अगदी मध्यभागी, पैशांची थैली हातात धरून, ख्रिस्ताला दगा देणारा शिष्य जुडास उभा! लाकूड न रंगवलेलं, त्यामुळे सगळा खेळ उजेडाचा. दिवस असताना बघावं.

रोथेनबुर्गला जायची वाट मात्र जरा कटकटीची. न्यूरेंबर्ग, मग आन्सबाख, मग श्टाइनाख, तिथून छोटी गाडी पाऊण अंतर शेतांतून नेते आणि पंधराएक मिनिटांत गावात सोडते. एकूण दोन तास धरा. ही छोटी गाडी तासाला एक, आणि श्टाइनाखला उतरल्यावर हाताशी मिनिटं थोडी असतात. म्हणून उतरायच्या आधी दारापाशी उभं राहावं, मुलांच्या बॅगा पाठीवर. चुकली तर एक तास बाकावर. संध्याकाळी शेवटच्या गाडीवर बेत टांगू नका, तिच्या आधीची पकडा. गावात तटावरून चालायला पैसे लागत नाहीत. वर छप्पर आहे, पावसातही चालता येतं, फक्त उंच माणसांनी डोकं सांभाळावं. भिंतीत नावं कोरलेले दगड दिसतात. ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात पूर्वेकडचा भाग पडला; तो पुन्हा उभारायला ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची ही नावं. ‘श्नीबाल’ नावाचा तळलेला गोळा दुकानादुकानांत मांडलेला असतो. शंकरपाळ्याचा मोठा भाऊ, आणि खरं सांगायचं तर शंकरपाळी बरी.

तिसरं गाव वुर्झबुर्ग. न्यूरेंबर्गला जाऊन मागे यायची गरज नाही, फ्युर्थलाच गाडी बदला. रेसिडेंझ राजवाड्याच्या जिन्यावर तिएपोलो या इटालियन चित्रकाराने १७५२-५३मध्ये रंगवलेलं छत आहे. चार बाजूंना चार खंड, बाईच्या रूपात. खालून चढताना समोर अमेरिका दिसते. मधल्या टप्प्यावर वळलात की युरोप डोक्यावर येतो. आशिया हत्तीवर बसलेली आहे, ती छताच्या बाजूच्या कडेला शोधा. लोक जिना भराभर चढून वर जातात आणि मग मान मोडेस्तोवर बघतात. पायरी-पायरीने थांबत चढावं, चित्रकाराने तसंच योजलेलं आहे. रिमेनश्नायडर याच गावात राहिला, काही काळ महापौरही होता. त्याचे आदम आणि ईव्ह पलीकडच्या टेकडीवरच्या मारीनबेर्ग किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. सोमवारची जोडसुट्टी असेल तर आधी तपासा, संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद.

मुलं गावं बघून कंटाळली की फोरखाइमला गाडी बदलून किर्शएरेनबाखला उतरा. समोर वालबेर्ला, पाचशे मीटरच्या वर उंचीची सपाट माथ्याची टेकडी; सह्याद्रीत हिंडलेल्यांना ती किरकोळ वाटेल, पण एप्रिलात खाली चेरीचे मळे पांढरे झालेले असतात. १ मे ते १ नोव्हेंबर या काळात शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी खास सहलीच्या बस सुटतात. एरवी या भागात रविवारी बस फार तुरळक.

खाण्याचं. शाकाहारी माणसाने ‘क्लोस मिट सोस’ बघून फसू नये, बटाट्याचा गोळा चालेल पण रस्सा डुकराच्या मांसाचा असतो. केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या जाड शेवया) मागवा आणि ‘ओने श्पेक’ म्हणा, कधीकधी वर बेकनचे तुकडे टाकतात. दोन ते पाच बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. सगळ्यांत सोपं म्हणजे धपाटे आणि चटणी बरोबर नेणं. बिअरगार्टनमध्ये ज्या टेबलांवर कापड नसतं तिथे घरचं खायला जुन्या रिवाजाने मुभा आहे, पेय तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. पन्ह्यासारखं काही हवं तर ‘आप्फेलशोर्ले’, सफरचंदाचा रस आणि सोडा. इकडे लोक ‘तळघरावर’ जाऊ म्हणतात. टेकडीत बिअर गार ठेवायची तळघरं आणि त्यांच्या डोक्यावर झाडाखाली बाकं, म्हणून. कार्ड चालेलच असं नाही, नोटा आणि सुटी नाणी ठेवा. स्वच्छतागृहालाही पन्नास सेंट ते एक युरो लागतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती चेपू नका. यंत्राला लेबल वाचता आलं नाही तर बाटली परत तुमच्या हातात येते.

रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, बाकी आधार मोठ्या स्टेशनातल्या दुकानांचा, तिथला भाव चढा. सोमवारच्या चहाचं दूध शनिवारी रात्री आठच्या आत आणून ठेवा.